वाडीपुढची पुळण आणि गांवाची मोजणी

समुद्रकांठच्या वाडीच्या धन्यास त्याच्या माडांची संख्या विचारावी, तो तत्काळ सांगतो. कोणता माड किती नारळ देतो, कोणत्या पोफळीवर मागील पावसाळ्यांत कोळेरोग पडला, विहिरीचें पाणी कोणत्या महिन्यांत मचूळ होतें, हेंहि त्यास तोंडपाठ असतें. परंतु वाडीच्या गडग्यापासून समुद्राच्या बाजूस पुळण किती रुंद आहे असें विचारलें, म्हणजे 'पूर्वीं पुष्कळ होती, आतां तितकी राहिली नाहीं' एवढेंच उत्तर मिळतें. पूर्वीं म्हणजे केव्हां, पुष्कळ म्हणजे किती पावलें, आणि गेली ती एका तुफानांत गेली कीं दरवर्षीं थोडथोडी, ह्याचा टिपलेला दाखला कोठेंहि नसतो. ज्या वाळूच्या पट्ट्याच्या आसऱ्यावर सबंध वाडी उभी आहे, त्याचाच हिशेब गांवाच्या दप्तरांत नसावा, हें आमच्या मतें बरें नव्हे.

हा हिशेब आज अधिक निकडीचा झाला आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्रानें १९९० पासून २०१८ पर्यंतच्या उपग्रहचित्रांची तुलना करून देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्याची स्थिति प्रसिद्ध केली आहे. सुमारें ६,९०० किलोमीटर किनाऱ्यापैकीं शेंकडा ३३.६ भाग झिजत असल्याचें, शेंकडा २६.९ भागावर भर पडत असल्याचें व बाकीचा स्थिर असल्याचें त्यांत आढळलें. महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर शेंकडा २५.५ आणि गोव्यापुरतें शेंकडा १९.२ किनारा झिजता आहे. पश्चिम बंगालचा आंकडा ६०.५ व केरळचा ४६.४ असल्यामुळें त्यांच्या मानानें आपण बरे, असें कोणी म्हणेल. पण ज्याची वाडी त्या पंचवीस टक्क्यांत पडली त्यास ह्या सरासरीचें समाधान काय? शिवाय उपग्रहाचें चित्र जिल्ह्याचा एकंदर कल दाखवितें. अमुक वहाळापासून तमुक देवळापर्यंतच्या चारशें मीटरांत गेल्या चार वर्षांत काय झालें, हें त्यावरून नीट उमगत नाहीं. इकडे सबंध पृथ्वीवरील समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ ह्या काळांत सुमारें २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत, वाढली असून वाढीचा वेग अलीकडे अधिक आहे. मालवणच्या दक्षिणेस देवबागेसारख्या ठिकाणीं एका अंगास कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगास समुद्र आणि मधें माडांची अरुंद पट्टी आहे. तेथें वितीचाहि विचार करावा लागतो.

पुळणीविषयीं नुसत्या नजरेनें केलेला अदमास कां फसतो, हें प्रथम सांगितलें पाहिजे. आमची पुळण वर्षांतून एकदां जाते आणि एकदां येते. ज्येष्ठ-आषाढांतील उंच, एकामागून एक आदळणाऱ्या लाटा वरची वाळू खरवडून आंत नेतात व उथळ पाण्यांत तिचा बुडालेला बांध घालतात. मोठ्या लाटा त्या बांधावरच फुटूं लागतात आणि किनाऱ्यावरील मारा थोडा मंदावतो. भाद्रपद सरला, वारा पडला, म्हणजे लांब व संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात, आणि चैत्र-वैशाखापर्यंत पुळण पुनः भरते. ही क्रिया माहीत नसली म्हणजे गणपतीस घरीं आलेला चाकरमानी 'पुळण गेली' म्हणून हळहळतो, आणि वैशाखांत आंबे खावयास आलेला तोच गृहस्थ निर्धास्त होऊन परत जातो. दोन्ही वेळां त्यानें पाहिलेलें खरेंच असतें. खरा प्रश्न निराळा आहे. श्रावणांत गेलेली वाळू वैशाखापर्यंत पुरती परत आली काय? ती दरवर्षीं थोडी कमी येत असेल, तर तो तोटा दोनचार वर्षें डोळ्यांस दिसतच नाहीं. दिसतो तेव्हां गडगा कोसळलेला असतो.

दुसरी फसवणूक पाण्याच्या रेघेची. पुष्कळ लोक पाण्यापर्यंतचीं पावलें मोजून पुळणीची रुंदी ठरवितात. पुळणीचा उतार जर चाळीस मीटरांस एक मीटर इतका सौम्य असेल, तर भरतीचें पाणी केवळ वीतभर, म्हणजे २५ सेंटिमीटर, अधिक चढलें तरी पाण्याची रेघ १० मीटर आंत सरकते. मुंबईकडे मोठ्या उधाणाचें पाणी चार मीटरांहून अधिक चढतें; दक्षिणेस मालवणकडे तें बरेंच कमी चढतें. म्हणजे एकाच दिवशीं, एकाच जागीं, सकाळच्या व दुपारच्या मापांत कित्येक मीटरांचा फरक पडावयाचा. असल्या मापावरून समुद्र पुढें आला म्हणणें, अथवा मागें गेला म्हणणें, दोन्ही व्यर्थ. मोजावयाची ती वाळूची उंची आणि तिचा उतार. पाणी कोठें आहे ही गोष्ट त्यांत गौण समजावी.

हें काम मोठ्या यंत्रांवांचून होण्यासारखें नाहीं असा समज आहे. तो खोटा आहे. ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहराच्या उत्तरेस नॅराबीन-कॉलरॉय नांवाची सुमारें साडेतीन किलोमीटर लांबीची पुळण आहे. अँड्र्यू शॉर्ट ह्या भूगोलतज्ज्ञांनीं १९७६ मध्यें तिचीं पांच ठिकाणीं दरमहा मापें घेण्यास आरंभ केला, आणि तो क्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ चालला. पुळणीच्या अखंड मापांचा इतका दीर्घ संग्रह जगांत फार थोड्या ठिकाणीं आहे. आणि पहिलीं कित्येक वर्षें हीं मापें कशानें घेतलीं? दोन काठ्या आणि ठराविक अंतर, एवढ्या साहित्यानें. ही रीत के. ओ. एमरी ह्या अमेरिकन समुद्रभूशास्त्रज्ञांनीं १९६१ मध्यें प्रसिद्ध केली. अमेरिकेंतील मेन राज्यांत १९९९ पासून किनाऱ्यावरचे सामान्य रहिवासी हीच रीत शिकून आपापल्या पुळणी मोजीत आले आहेत.

नॅराबीनच्या वहींतून एक फार महत्त्वाची गोष्ट बाहेर पडली. कांहीं वर्षें पुळणीचें उत्तरेकडील टोंक रुंदावतें व दक्षिणेकडील अरुंद होतें. पुढें हवामानाचें चक्र फिरलें, लाटांची दिशा बदलली, म्हणजे उलट होतें. वाळू तेवढीच, तिची जागा मात्र बदललेली. एकाच टोंकास राहणारा मनुष्य अशा वेळीं सबंध पुळण बुडाल्याची खात्री बाळगतो आणि दुसऱ्या टोंकाचा त्याला वेडा ठरवितो. आमच्या कोंकणांतील बहुतेक पुळणी दोन खडकाळ भूशिरांच्या मधें खोबणींत बसविल्यासारख्या आहेत, आणि पुष्कळांच्या एका टोंकास खाडीचें मुख आहे. तेव्हां येथेंहि एका रेघेवर विसंबून चालणार नाहीं. दोन्ही टोंकांस एकेक आणि मधें एक, अशा निदान तीन रेघा धराव्या.

आतां प्रत्यक्ष रीत. सरळ, न वांकणाऱ्या लांकडाच्या दीड-दीड मीटर लांबीच्या दोन काठ्या घ्याव्या आणि त्यांवर वरच्या टोंकापासून खालीं सेंटिमीटरांच्या खुणा रंगानें कराव्या; शून्य वरच्या टोंकास. दोहोंमध्यें दोन मीटरांची दोरी बांधावी. ती ताणली असतां वाढणारी नसावी. एक मनुष्य जमिनीच्या बाजूस काठी उभी धरून उभा राहतो, दुसरा समुद्राच्या बाजूस दोरी ताणून आपली काठी उभी करतो. दोन्ही काठ्या वाळूवर टेंकलेल्या असाव्या, रुतलेल्या नसाव्या. बुडाशीं वाटोळी फळी ठोकली म्हणजे हा दोष टळतो. मग मागचा मनुष्य डोळा वरखालीं करून समोरच्या काठीचा शेंडा आणि क्षितिजाची रेघ एका ओळींत आणतो. ती ओळ त्याच्या स्वतःच्या काठीस शेंड्यापासून जितकी खालीं कापते, तितकी त्या दोन मीटरांत जमीन उतरली. समजा ओळ १२ सेंटिमीटरांच्या खुणेवर आली, तर उतार १२. जमीन समुद्राच्या बाजूस चढती असली, तर आपल्या काठीच्या शेंड्यास डोळा लावून क्षितिजाची ओळ समोरच्या काठीस कोठें कापते तें पाहावें, तितका चढ. मापें तिसऱ्यानें मोठ्यानें उच्चारून वहींत लिहावीं. मग मागच्यानें पुढच्याच्या खुणेवर अचूक जाऊन उभें राहावें आणि पुढच्यानें आणखी दोन मीटर सरकावें. असें करीत घोटाभर पाण्यांत जाईपर्यंत चालावें. शंभर मीटरांच्या रेघेस पन्नास मापें होतात. हात बसल्यावर तासाच्या आंत काम उरकतें.

ह्या रीतीस स्वच्छ क्षितिज लागतें, आणि तें आमच्या किनाऱ्यास पश्चिमेकडे फुकट मिळालेलें आहे. मात्र संध्याकाळीं सूर्य डोळ्यांवर येतो, म्हणून मापें सकाळीं घ्यावीं. पावसाळ्यांत क्षितिज दिसेनासें होतें. तेव्हां गवंडी लोक ओट्याची पातळी पाहण्यास पाण्यानें भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तिचीं दोन टोंकें दोन काठ्यांस धरावीं; काम तेंच होतें, वेळ मात्र दुप्पट लागतो.

सर्वांत जपावयाची ती मूळ खूण. रेघ जेथून सुरू होते तें ठिकाण वर्षानुवर्षें हललें नाहीं पाहिजे. माडाच्या बुंध्यावर खिळा मारून मोजणी सुरू करण्याचा मोह होतो. परंतु पुळण खचूं लागली म्हणजे समुद्रकांठचा माडच प्रथम आडवा होतो, आणि त्याच्याबरोबर सगळा हिशेब जातो. वाडीच्या मागें असलेल्या देवळाच्या जोत्याचा कोपरा, विहिरीचा जांभ्याचा कठडा किंवा शाळेची पायरी, अशी जागा निवडावी. तिच्यापासून समुद्राकडे जातांना मधें दुसरी एक खूण ठेवावी, म्हणजे दोन्ही खुणा एका ओळींत धरून दर खेपेस त्याच दिशेनें जातां येतें. दिशा थोडी बदलली तरी मापांची तुलना फुकट जाते.

वेळ ठरविण्यासाठीं आमच्या कोळी-खारवी बंधूंजवळचें जुनें गणित पुरेसें आहे. तिथीची पाऊणपट केली कीं भरती पुरी होण्याची वेळ तासांत निघते. द्वितीयेस दीड वाजतां भरती, म्हणजे सकाळीं सव्वासात-साडेसाताच्या सुमारास ओहोटी. उधाणाचे दिवस असल्यामुळें पाणीहि खूप खालीं गेलेलें, आणि सूर्य पाठीशीं. तेव्हां वद्य द्वितीया किंवा तृतीया हा मोजणीचा दिवस ठेवावा. गणित ठोकळ आहे, अर्ध्या तासाचा फरक पडतो, पण ह्या कामास तो चालतो. दिवस तिथीनें धरला तरी वहींत इंग्रजी तारीख अवश्य लिहावी. कारण अधिक मास आला म्हणजे एका वर्षाचा वैशाख दुसऱ्या वर्षाच्या वैशाखाशीं जुळत नाहीं.

अशीं मापें बारा महिने जमलीं म्हणजे पुळणीची वार्षिक ये-जा हातीं येते. तीन वर्षें झालीं कीं वैशाखाशीं वैशाख ताडून पाहतां येतो, आणि तेथून पुढें वही बोलूं लागते. एक उदाहरण हिशेबापुरतें घेऊं. शंभर मीटर लांबीच्या रेघेवर वाळूची उंची एका वैशाखापेक्षां पुढच्या वैशाखांत सरासरीनें ३० सेंटिमीटर कमी भरली, तर किनाऱ्याच्या प्रत्येक मीटरामागें ३० घनमीटर, म्हणजे सुमारें साडेदहा ब्रास, वाळू परत आली नाहीं. दोनशें मीटर दर्शनी लांबीच्या वाडीपुढें हा तोटा दोन हजार ब्रासांहून अधिक झाला. ब्रासाचा हिशेब कोणासहि समजतो. मग ही वाळू गेली कोठें, हा प्रश्न आपोआप उठतो. दुसऱ्या टोंकाच्या रेघेवर तितकीच वाढ दिसली, तर ती तिकडे सरकली. तिन्ही रेघा एकदम उतरल्या आणि खाडीच्या मुखाशीं वर्षभर रेतीचा उपसा चालला असेल, तर संशय कोणीकडे जावा हें सांगावयास नको. खाडी व पुळण ह्यांचें वाळूचें खातें एकच असतें. एकीकडून काढलें तर दुसरीकडे तूट येणारच.

पुळण नाहींशी होत असल्याची ओरड झाली कीं पहिली मागणी येते ती दगडी बंधाऱ्याची. बंधाऱ्यास आमचा सरसकट विरोध नाहीं. घरें व विहिरी अगदीं धारेवर आल्या असतील, तेथें दुसरा उपाय राहत नाहीं. परंतु बंधारा जमीन राखतो, पुळण राखीत नाहीं, हें मागणी करणारानें समजून घ्यावें. त्यावर आदळून परतणारी लाट पायथ्याची वाळू उकरते, आणि बंधारा जेथें संपतो त्यापलीकडच्या शेजाऱ्याच्या जमिनीस नवी घळ पडते. केरळांत शेंकडों किलोमीटर लांबीच्या भिंती झाल्या, तरी तेथील झीज थांबली नाहीं, हें वरच्या आंकड्यांवरून दिसतेंच. पुदुच्चेरीस गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत बंदरासाठीं समुद्रांत बांध घातले. किनाऱ्याच्या कडेनें उत्तरेकडे वाहणारी वाळू त्यांच्या दक्षिणेस अडून राहिली, आणि उत्तरेस शहरापुढची पुळण नाहींशी झाली. आमचा किनारा पूर्व किनाऱ्यासारखा नाहीं, येथील वाळूचा प्रवास बहुधा भूशिरांच्या आंतच होतो. तरी धडा घेण्याजोगा आहे.

ह्यांत आणखी एक गोष्ट बागाइतदारांनीं लक्षांत घ्यावी. पुळण एकट्या वाडीवाल्यांची नव्हे. रापणीचें जाळें ओढावयास मोकळी व उताराची वाळू लागते. होड्या वर चढवावयास ती लागते. एका बाजूच्या चार माडांसाठीं दगड टाकले आणि रापण लावण्याची जागा गेली, तर पिढ्यान्पिढ्यांचा शेजार बिघडतो. अशा तंट्यांत दोन्ही पक्ष आपापल्या आठवणी पुढें करतात. आठवणी खोट्या नसतात, पण त्या आपल्या सोयीच्या वर्षाच्या असतात. म्हणून काठ्या धरणारे दोघे दोन निरनिराळ्या आळींतले असावे, एक बागाइतदारांपैकीं व एक मासेमारांपैकीं, असा आमचा आग्रह आहे. दोघांनींहि त्या दिवसाच्या पानावर सही करावी. पुढें ग्रामसभेंत तें पान वाचलें गेलें, तर तें कोणा एकाचें राहत नाहीं.

गांवकऱ्यांनीं किनाऱ्याची नोंद ठेवण्याची संवय आमच्याकडे अगदींच नाहीं असें नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें २००२ मध्यें चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र संस्थेच्या कार्यकर्त्यांस समुद्री कांसवांचीं घरटीं आढळलीं. तेव्हांपासून त्या गांवचे लोक हंगामांत पहाटे पुळण चालून कांसवाच्या पावलांच्या खुणा शोधतात, अंडीं सुरक्षित जागीं हलवितात आणि पिलांची मोजदाद ठेवतात. ज्या पुळणीवरून मनुष्य रोज पहाटे जातोच, तेथें महिन्यांतून एक सकाळ दोन काठ्या सोबत नेणें अवघड नाहीं. घरट्यास योग्य अशी उंच कोरडी वाळू किती उरली, हेंहि त्याच मापांवरून कळेल. शाळांनीं हें काम उचलल्याचें उदाहरण वेस्ट इंडीज बेटांत आहे. तेथें १९९८ सालीं टोबॅगो येथील एका कार्यशाळेंत कल्पना निघून युनेस्कोच्या साहाय्यानें 'सँडवॉच' नांवाची योजना सुरू झाली, आणि मुलें व शिक्षक पुळणीची रुंदी, लाटा, प्रवाह व वाळूचा कण मोजूं लागलीं. आमच्या शाळांतील मुलांस त्रिकोण, सरासरी व आलेख फळ्यावर शिकवितात. तेच पुळणीवर शिकविले तर विसरणार नाहींत. मात्र संपूर्ण भार शाळेवर टाकूं नये. शिक्षकांची बदली होते, वैशाखांत सुट्टी असते, आणि नेमकें वैशाखाचें माप चुकून चालत नाहीं.

ज्यांना काठ्यांचें काम झेपणार नाहीं त्यांच्यासाठीं आणखी एक सोपी युक्ति आहे, आणि तीहि नॅराबीनच्याच बाजूची. २०१७ मध्यें तेथें व जवळच्या मॅन्ली येथें पुळण दिसेल अशा उंच जागीं लोखंडी खोबण बसविली. येणाराजाणारानें आपला मोबाइल फोन तींत ठेवावा, छायाचित्र काढावें आणि वेळेसह पाठवावें. फोन कोणाचाहि असला तरी जागा व दिशा एकच राहते. भरतीची वेळ ठाऊक असल्यामुळें चित्रांतील पाण्याच्या रेघेवरून किनाऱ्याची रेघ थोड्या मीटरांच्या आंत अचूक काढतां येते. 'कोस्टस्नॅप' हें त्या योजनेचें नांव. आतां ती पुष्कळ देशांत पसरली आहे. तिचें गणित करावयास संगणक व जाणता मनुष्य लागतो. परंतु गणित पुढें कधींहि होईल, छायाचित्र मात्र त्या दिवशींच काढावें लागतें. देवळाच्या दीपमाळेशेजारीं किंवा भूशिराच्या वाटेवर जांभ्याच्या चिऱ्यांत अशी एक खोबण करून ठेवावी. शिमग्याला व गणपतीला येणारे मुंबईकरहि ह्या कामीं लागतील.

वादळाच्या वेळीं ह्या वहीची खरी किंमत कळते. नोव्हेंबर २००९ मध्यें फयान, जून २०२० मध्यें निसर्ग आणि मे २०२१ मध्यें तौक्ते, अशीं तीन वादळें बारा वर्षांच्या आंत ह्या किनाऱ्यास लागलीं. निसर्ग वादळानें श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडील माड-पोफळींच्या बागा आडव्या केल्या, ही गोष्ट ताजी आहे. वादळानंतर पंचनामा होतो तो पडलेल्या झाडांचा व उडालेल्या छपरांचा. वाळू किती गेली हें कोणी लिहीत नाहीं, कारण आदल्या आठवड्यांत ती किती होती हें कोणास ठाऊक नसतें. नॅराबीन येथें जून २०१६ च्या तुफानांत कॉलरॉयच्या बाजूची पुळण कित्येक मीटर आंत कापली जाऊन एका घरामागील पोहण्याचा हौद खालीं कोसळला. तेथें तुफानापूर्वींचीं मापें होतीं, म्हणून किती वाळू गेली हें तत्काळ सांगतां आलें. आणि पुढील महिन्यांत ती कोणत्या गतीनें परत येत आहे हेंहि पाहतां आलें. भिंत बांधावी कीं नाहीं ह्याविषयींचे तंटे तेथेंहि झालेच, पण ते पुळणीच्या खऱ्याखोट्या रुंदीवरून झाले नाहींत.

कांहीं लोक मोजणीसच भितात. झीज कागदावर आली तर जमिनीचा भाव उतरेल, किंवा उद्यां एखादा निर्बंध अंगावर येईल, अशी ती भीति आहे. ती अगदीं निराधार म्हणवत नाहीं. पण जमीन घेणारा आजकाल उपग्रहाचीं जुनीं चित्रें घरबसल्या पाहूं शकतो. गांवानें वही न ठेवल्यानें झीज लपत नाहीं, केवळ गांवाच्या बाजूचा पुरावा तेवढा राहत नाहीं. वाळूचे उंचवटे हे किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ व २०१९ च्या अधिसूचनांप्रमाणें संरक्षित आहेत. त्यांवरची मर्यादवेल कोणी उपटली, वाळू कोणी नेली, ह्याची तक्रार करावयाची झाली तरी उंचवट्याची आधींची उंची सांगतां आली पाहिजे.

ह्या कामाचा शत्रु एकच, आणि तो म्हणजे उत्साह. पहिल्या महिन्यांत तीस माणसें जमतात, छायाचित्रें निघतात. चवथ्या महिन्यांत काठ्या कोणाच्या पडवींत आहेत हेंहि कोणी सांगत नाहीं. तेव्हां आरंभीं पांचसहा जणांनींच काम अंगावर घ्यावें, दर खेपेस त्यांपैकीं तिघे आले तरी पुरे, आणि तीनच्या ऐवजीं दोनच रेघा झेपत असतील तर दोन धराव्या, पण त्या सोडूं नयेत. एखादा महिना चुकला तर ती जागा कोरी ठेवावी. मागाहून अदमासानें भरलेला आंकडा सगळी वही नासवितो.

वही जाड पुठ्ठ्याची असावी, शाई पाण्यानें न फुटणारी असावी. प्रत्येक पानाची एक प्रत शाळेंत व एक ग्रामपंचायतींत ठेवावी आणि छायाचित्र काढून दोन-चार घरीं जपून ठेवावें. प्रारंभ वैशाखांत, पुळण भरलेली असतांना करावा. दुसरें माप मृगाच्या पहिल्या मोठ्या उधाणानंतर उघाड मिळेल त्या सकाळीं, आणि तेथून दर वद्य द्वितीयेस. काठ्यांचें लांकूड आधींच तासून, रंगवून, सावलींत वाळवून ठेवावें. हिरव्या लांकडाची काठी पहिल्या पावसांतच वांकते.